शाईखालची जाळी: इलेक्ट्रॉनिक कागदाच्या अभ्यासाची प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक कागदाच्या शाईत पिक्सेल नसतो. या विषयात पहिल्यांदाच येणाऱ्याला हे विधान उफराटे वाटेल, कारण ज्या यंत्रावर तो पुस्तक वाचतो त्याच्या जाहिरातीत दर इंचाला ३०० पिक्सेल असे ठळक छापलेले असते. ती माहिती खोटी नाही. पण ते पिक्सेल शाईत शोधत बसलात तर सापडायचे नाहीत. शाईचा थर पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग असतो. त्याला ना ओळी, ना रकाने. पिक्सेल असतो तो त्या थराच्या खाली, इलेक्ट्रोडच्या बारीक चौकोनांत, आणि खालून वर येईपर्यंत त्याच्या कडा थोड्या पसरतात. किती पसरतात, का पसरतात आणि ते कुठवर आवरता येते, हाच रिझोल्यूशनचा सगळा प्रश्न आहे.

वर्तमानपत्रे आपला रोजचा अंक संकेतस्थळावर टाकतात त्यालाही आपण ई-पेपरच म्हणतो. त्याच्याशी इथे संबंध नाही. इथला विषय म्हणजे किंडल, कोबो यांसारख्या वाचनयंत्रांचा आणि मॉलमध्ये मालाच्या फळ्यांवर किमती दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्यांचा पडदा. तो स्वतः उजळत नाही, खोलीतला उजेड परतवतो. आणि एकदा उमटलेला मजकूर वीज बंद केली तरी तसाच धरून ठेवतो.

समोरून उजेड देणारा दिवा नसलेला एखादा जुना ई-रीडर हाताशी असेल, तर साठ-शंभर पट मोठे दाखवणारे स्वस्तातले सूक्ष्मदर्शक त्यावर ठेवून पाहा. एखाद्या अक्षराची कड शोधा. तिथे गोलसर, एकमेकींना खेटून बसलेल्या कुप्या दिसतील: काही मोठ्या, काही लहान, काही शेजारणीने दाबून चपट्या केलेल्या. त्यांची रांग कुठेही सरळ नाही. अक्षराची कड मात्र बऱ्यापैकी सरळ जाते, आणि ती कुप्यांच्या फटींतून वाट काढत जात नाही, थेट त्यांच्या अंगावरून जाते. थोडे शोधले तर अशी एखादी कुपी सापडतेच, जिची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी आहे. वर्गात इलेक्ट्रोडचे आणि विद्युतक्षेत्राचे कितीही आकृत्या काढून वर्णन केले तरी जे पोचत नाही, ते या एका अर्ध्या काळ्या कुपीने पोचते. एक कुपी म्हणजे एक पिक्सेल, असे काही लेखांत लिहिलेले असते. ते चूक आहे.

या कुप्या साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर व्यासाच्या असतात. आत पारदर्शक तेलासारखा द्रव, आणि त्यात दोन तऱ्हेचे कण: पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे घराला लावायच्या पांढऱ्या रंगात जे असते तेच, आणि काळे कण. दोन्ही एका मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक, आणि दोघांवरचे विद्युतभार एकमेकांच्या उलट. वरच्या बाजूला पारदर्शक इलेक्ट्रोडचा एकच अखंड थर, खाली तुकड्यातुकड्यांचा इलेक्ट्रोड. खालच्या एखाद्या तुकड्याला पंधरा व्होल्टचा धन दाब दिला की एका रंगाचे कण वर सरकतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाला जातात. ऋण दाब दिला की उलट. दाब काढून घेतला की कण जिथे आहेत तिथेच थांबतात. वीज लागते ती पान बदलायला, वाचायला नाही.

द्रवात तरंगणारे भारित कण विद्युतक्षेत्रात सरकतात, हे १८०७ मध्ये मॉस्कोत फेर्डिनांड रॉइस यांनी पाण्यातल्या मातीच्या कणांवर पाहिले होते. या क्रियेला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडच्या वाचकाला हा शब्द दवाखान्यातून ओळखीचा असेल: सिकलसेलची खातरजमा करताना रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार याच तत्त्वाने वेगळे केले जातात. त्या तंत्राला प्रयोगशाळेत स्थिर रूप देणारे आर्ने टिसेलिउस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मग पडद्यासाठी हे तत्त्व वापरायला इतका उशीर का लागला?

उशीर झाला तो कण जागेवर राहात नव्हते म्हणून. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत इसाओ ओता यांनी १९७० च्या सुमारास असे पडदे बनवले, १९७३ मध्ये त्यावर लेखही प्रसिद्ध केला. दोन काचांमधल्या द्रवात कण खालीवर व्हायचे, चित्र उमटायचे. पण काही काळाने कणांच्या गुठळ्या व्हायच्या, ते आडवे वाहून एका बाजूला साचायचे, तळाला बसायचे, आणि पडद्यावर डाग पडायचे. त्याच दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी वेगळी वाट धरली. सिलिकोन रबराच्या पातळ पत्र्यात तेलाच्या पोकळ्या, आणि प्रत्येक पोकळीत अर्धा काळा, अर्धा पांढरा असा एक बारीक गोळा. विद्युतक्षेत्राने गोळा फिरवायचा. याचे नाव जायरिकॉन. कल्पना सुंदर होती, पण तिच्यात गोळा हाच कण होता आणि तोच चित्राचा सगळ्यांत बारीक तुकडाही. गोळा अर्धवट फिरला तर राखाडी दिसणार, आणि गोळ्याहून बारीक रेघ काही केल्या निघणार नाही.

यातून सुटका झाली ती कार्बनलेस कागदाच्या कारखान्यातून, असे म्हणायला हरकत नाही. दुकानदाराच्या बिलबुकात वरच्या पानावर लिहिले की खालच्या पानावर आपोआप उमटते, मध्ये कार्बन लागत नाही. तो कागद अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांच्या कामातून १९५० च्या दशकात आला. वरच्या पानाच्या पाठीला रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्या असतात, पेनाच्या दाबाने त्या फुटतात. जिलेटिन आणि आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांचा एकत्र साका तयार करून तेलाच्या थेंबाभोवती कवच चढवायची ही रीत. १९९० च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कोमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी ओतांचे कण अशा कुप्यांत कोंडले. कुपीतल्या कणांना आडवे जायला जागा म्हणजे कुपीपुरती. पडदाभर भटकणे बंद झाले. १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये नेचरमध्ये शोधनिबंध आला. कुप्या कण आडवे पळू नयेत म्हणून आहेत, चित्राचे ठिपके म्हणून नाहीत. हे एकदा इतिहासातून पाहिले की सूक्ष्मदर्शकाखालची अर्धी काळी कुपी चकित करत नाही.

कुप्यांचा थर प्लास्टिकच्या फिल्मवर एकसारखा पसरवतात, आणि ती फिल्म गुंडाळीतून उलगडावी तशी हव्या त्या मापाची कापून खालच्या पाटीवर चिकटवतात. पिक्सेलचा जन्म त्या पाटीत होतो. इलेक्ट्रोडला जो आकार द्याल तो पिक्सेलचा आकार. घड्याळातल्या आकड्याची एक दांडी हवी असेल तर दांडीच्या आकाराचा इलेक्ट्रोड पुरतो. पुस्तकासाठी मात्र लाखो चौकोन लागतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे शक्य नसते. म्हणून आडव्या आणि उभ्या तारांची जाळी, आणि प्रत्येक छेदावर एक पातळ थराचा ट्रान्झिस्टर व एक छोटा कॅपॅसिटर.

ही जाळी पंगतीसारखी चालते. एका वेळी एकच ओळ वाढायची. त्या ओळीचे सगळे ट्रान्झिस्टर उघडतात, उभ्या तारांतून प्रत्येकाच्या वाट्याचा दाब येतो, कॅपॅसिटरच्या पानात पडतो, आणि वाढपी पुढच्या ओळीकडे जातो. पानातले संपायच्या आत त्याची पुढची फेरी आली पाहिजे. सहा इंची, १४४८ गुणिले १०७२ पिक्सेलच्या पडद्यात १०७२ ओळी असतात आणि सेकंदाला पन्नास ते पंच्याऐंशी फेऱ्या. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला दहा-वीस मायक्रोसेकंद. तेवढ्यात ट्रान्झिस्टरने पंधरा व्होल्टपर्यंत पान भरून दिले पाहिजे. हे ट्रान्झिस्टर बहुधा अस्फटिकी सिलिकॉनचे, आणि त्यात इलेक्ट्रॉनांची चाल स्फटिकी सिलिकॉनच्या हजारेक पटींनी मंद. पडदा मोठा केला, ओळी वाढवल्या, की प्रत्येक ओळीचा वेळ घटतो आणि तारा लांबल्याने त्यांचा रोध वाढतो. सहा इंची पडदे दर इंचाला ३०० पिक्सेलवर पोचल्यानंतरही १०.३ इंची पडदे बराच काळ २२६ आणि १३.३ इंची २०७ वर रेंगाळले, त्यामागे हे एक मोठे कारण. इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडसारख्या चपळ पदार्थांनी ही अडचण बरीच हलकी केली आहे.

एका बाबतीत मात्र इलेक्ट्रॉनिक कागद एलसीडीपेक्षा नशीबवान आहे. एलसीडीत उजेड मागून पुढे यायचा असतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर जेवढी जागा अडवेल तेवढा पिक्सेल अंधारतो. इथे शाई अपारदर्शक. ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर, तारा, सगळे तिच्याखाली झाकले जाते. जाळी बारीक करण्याची किंमत उजेडात मोजावी लागत नाही. मग प्रश्न असा, की ५०० किंवा १००० का नाही? तेवढी बारीक जाळी बनवणे आज अशक्य नाही.

उत्तर वरच्या थरांच्या जाडीत आहे. दर इंचाला १६७ पिक्सेल असताना एका पिक्सेलची बाजू १५२ मायक्रोमीटर, ३०० असताना ८५. १६७ ला हिशेबाने एका पिक्सेलवर चौदा-पंधरा कुप्या येत. ३०० ला चार-पाच. शाईचा थर आणि खालचा चिकट थर मिळून जाडी काही दशक मायक्रोमीटर, म्हणजे आता पिक्सेलच्या रुंदीच्या पंगतीला येऊन बसणारी. काळा व्हायचा पिक्सेल आणि पांढरा राहायचा पिक्सेल शेजारी असले, तर दोघांच्या सीमेवर विद्युतक्षेत्राच्या रेषा उभ्या न राहता एकीकडून दुसरीकडे झुकतात. इलेक्ट्रोडपासून जितके वर जावे तितका हा झुकाव रुंद. वाचणारा डोळा वरच्या टोकाला असतो, त्याला सीमेची सगळ्यांत पसरट बाजू दिसते. पिक्सेल जाडीच्या तुलनेत मोठा असला तर हा पट्टा कडेपुरता राहतो. पिक्सेल जाडीएवढा झाला की तो पट्टाच पिक्सेल खाऊन टाकतो. या पसरण्याला कारागीर मंडळी ब्लूमिंग म्हणतात.

चिकट थराची गोष्ट तर स्वतंत्र प्रकरणाच्या तोलाची. शाई आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये हा गोंद असतो, साधारण वीस-पंचवीस मायक्रोमीटर. तो पक्का विद्युतरोधक असेल तर पंधरा व्होल्टांतला बराचसा दाब गोंदातच खर्ची पडतो, शाईला थोडा उरतो, आणि पान बदलायला वेळ लागतो. म्हणून त्यात थोडी वाहकता मुद्दाम ठेवतात. पण वाहकता वरच्या दिशेने वाढवली की ती आडवीही वाढते, आणि एका पिक्सेलचा दाब गोंदातून शेजाऱ्याकडे झिरपतो. म्हणजे गोंद कमी वाहक असला तर पडदा मंद, जास्त वाहक असला तर अक्षर पसरट. शिवाय हवेतली आर्द्रता आणि तापमान बदलले की गोंदाचा रोध बदलतो. पडद्यावरच्या अक्षराचा रेखीवपणा गोंदाच्या कृतीवर अवलंबून असतो, हे वाचून हसू येईल. पण या क्षेत्रातली पेटंटे चाळली तर गोंदावर केवढी डोकी खपली आहेत ते दिसते.

मग थरच पातळ का करत नाहीत? इथे पांढरेपणा आडवा येतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा एखादा कण पांढरा नसतो. अनेक कणांच्या दाटीवर उजेड पुन्हा पुन्हा आपटून परत फिरतो तेव्हा पांढरा दिसतो. त्यासाठी कणांचा थर काही मायक्रोमीटर जाड लागतो, आणि त्या थराला तळापासून वरपर्यंत यायला-जायला कुपीत जागा लागते. थर पातळ केला तर मागचे काळे कण डोकावू लागतात आणि कागद राखाडी होतो. आधीच हा पडदा पडलेल्या उजेडाच्या चाळीसेक टक्केच परतवतो, चांगल्या पांढऱ्या कागदाच्या जवळपास निम्मे. तेव्हा अक्षर रेखीव हवे असेल तर शाई पातळ हवी, आणि पान पांढरे हवे असेल तर शाई जाड हवी. माझ्या मते ही ओढाताण हाच या विषयाचा गाभा आहे. बाकीच्या बऱ्याच मर्यादा अभियंते पुढेमागे हटवतात, ही पदार्थाच्या स्वभावातली आहे.

शिवाय उजेडही आडवा पसरतो. पांढऱ्या पिक्सेलमध्ये शिरलेला किरण आतल्या आत आपटत शेजारच्या काळ्याखाली जातो आणि तिथे शोषला जातो, म्हणून काळी रेघ आहे त्याहून किंचित जाड दिसते. ऑफसेट छापखान्यात याला डॉट गेन म्हणतात. कागदाच्या बाबतीत यूल आणि नील्सन यांनी १९५१ मध्ये याचे गणित मांडले. इलेक्ट्रॉनिक कागदाला कागदाचे गुण हवे होते. कागदाचा हा दोषही त्यांच्याबरोबर आला.

आता डोळ्याकडे येऊ. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखतो. पुस्तक तीस सेंटिमीटरवर धरले तर एक कला म्हणजे ८७ मायक्रोमीटर. दर इंचाला ३०० पिक्सेल (३०० पीपीआय) असताना पिक्सेलची बाजू ८५. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की २०१४-१५ पासून वाचनयंत्रे ३०० वर येऊन का स्थिरावली याचे वेगळे स्पष्टीकरण लागू नये. पण ही डोळ्याची शेवटची हद्द नाही. एका रेघेत अर्धवट जागी किंचित पायरी पडली असेल तर डोळा ती पायरी एका कलेच्या कितीतरी लहान अंशापर्यंत टिपतो. तिरक्या रेघांचे दाते म्हणून ३०० लाही जाणवू शकतात. ते झाकायला कडेच्या पिक्सेलना राखाडी छटा देतात. दर इंचाला सहाशे ठिपके (डीपीआय) उमटवणाऱ्या लेझर प्रिंटरशी या पडद्याची तुलना करणारे हे विसरतात, की प्रिंटरचा ठिपका एकतर काळा किंवा नाहीच. इथे प्रत्येक पिक्सेलला सोळा छटा आहेत.

मराठी वाचकाला यात जास्तीचा रस असायला हवा. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली. पण देवनागरी अक्षर उभ्या जागेची फार मागणी करते: वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मग शिरोरेखा, मग अक्षराचे अंग, खाली उकार किंवा जोडाक्षराचा दुसरा मजला. दहा पॉइंटच्या टाइपाला २००७ च्या पहिल्या किंडलच्या १६७ पीपीआयवर उंचीला २३ पिक्सेल मिळतात. एवढ्यात हे सगळे बसवायचे. 'राष्ट्र' किंवा 'कर्तृत्व' लिहून पाहा. शिरोरेखा दीड-दोन पिक्सेलची, अनुस्वाराचा ठिपका दोन पिक्सेलचा. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावर शिरोरेखेत ठेवलेली खाच. ती दोन पिक्सेलची असेल आणि दोन्हीकडून काळे अर्धा-अर्धा पिक्सेल पसरले, तर खाच एका पिक्सेलवर येते, आणि 'धन'चे 'घन' किंवा 'भार'चा 'मार' व्हायला वेळ लागत नाही. रोमन लिपीत अशी एका खाचेवर अर्थ टांगलेली अक्षरे कमी. ३०० पीपीआयवर त्याच टाइपाला ४२ पिक्सेल मिळतात, आणि बहुतेक जोडाक्षरे मोकळा श्वास घेतात. इंग्रजी वाचणाऱ्यासाठी १६७ वरून ३०० ही सुधारणा होती; मराठी पोथीबहाद्दरासाठी ती गरज होती. पडद्याचे गुण तपासताना आपल्या लिपीच्या अक्षरांवर तपासावेत, हा आग्रह मी विद्यार्थ्यांपाशी धरतो.

राखाडी छटा म्हटल्या की काळ येतो. पांढऱ्या टोकाकडून निघालेल्या कणांना वाटेत थांबवले की राखाडी मिळते. म्हणजे दाब किती फेऱ्या द्यायचा हे मोजून ठरवायचे, आणि फेऱ्या पूर्णांकातच मिळतात. कण आधी कुठे होते यावर उत्तर बदलते, म्हणून सोळा छटांतून सोळा छटांत जाण्याच्या २५६ वाटा कोष्टकात आधी मांडून ठेवाव्या लागतात, आणि थंडीत द्रव घट्ट होतो म्हणून निरनिराळ्या तापमानांना निरनिराळी कोष्टके. मागच्या पानाची पुसट छाया राहते तिला घोस्टिंग म्हणतात. ती नीट पाहिली तर बहुधा अक्षराच्या अंगाची नसते, कडेची असते. कारण काळा होताना पिक्सेलने शेजाऱ्याच्या हद्दीतले थोडे कण ओढलेले असतात, आणि परत पांढरा होताना शेजारी स्वस्थ असल्यामुळे ते पुरते परत जात नाहीत. जागेतला पसरटपणा असा पुढच्या पानापर्यंत टिकतो. अधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा लुकलुकतो तो हा हिशेब मिटवायला.

रंगाचे थोडक्यात सांगतो, कारण त्याचे गणित पुढे सविस्तर येईल. एक वाट म्हणजे काळ्या-पांढऱ्या शाईवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी; २०२२ च्या कॅलिडो ३ या पडद्यात मजकूर ३०० ला आणि रंग १५० ला दिसतो. गाळण्या उजेड खातात, म्हणून पान काळवंडते. आणि त्या शाईपासून जराही दूर राहिल्या तर लाल गाळणीतून आत गेलेला उजेड हिरवीतून बाहेर पडतो. दुसरी वाट म्हणजे एकाच जागी पांढरा, निळसर, किरमिजी आणि पिवळा असे चार कण. तिथे रंगासाठी पिक्सेल वाटून द्यावा लागत नाही, पण योग्य कण योग्य क्रमाने वर आणायचे कसब दाबाच्या लांबलचक कवायतीतून साधावे लागते. दुकानातली लाल अक्षरे दाखवणारी किमतीची पट्टी बदलताना दहा-पंधरा सेकंद लुकलुकते, ती हीच कवायत, तीन कणांची.

मर्यादा ओलांडायची असेल तर कणांचा प्रवासच नको, असा विचार करणारे आता पुढे आले आहेत. २०२५ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सहकारी संस्थांतल्या संशोधकांनी नेचरमध्ये टंगस्टन ऑक्साइडच्या चकत्यांचा इलेक्ट्रॉनिक कागद मांडला. विजेने त्या पदार्थाचे प्रकाशीय गुणच बदलतात. काही खालीवर जात नाही, म्हणून जाडीची अट सैलावते. पिक्सेल सुमारे ५६० नॅनोमीटरचे, दर इंचाला २५,००० हून अधिक. गुस्ताव क्लिम्टचे 'द किस' त्यांनी सुमारे दीड-दोन मिलिमीटरच्या जागेत उमटवून दाखवले. पण असल्या प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्रपणे हुकूम देणारी जाळी अजून बनायची आहे. शाईचा प्रश्न सुटला, तारांचा राहिला. विद्यमान पडद्यांत नेमके उलट घडले होते.

नव्याने येणाऱ्याला यातले काही स्वतः करून पाहायचे असेल तर ४.२ इंची, ४०० गुणिले ३०० पिक्सेलचा पॅनेल आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर पुरे. दर इंचाला ११९ पिक्सेल, म्हणजे दोष ढळढळीत दिसतील एवढा भरड. शिकायला हे सोयीचे. असे बरेच पॅनेल दाबाचे कोष्टक बाहेरून बदलू देतात. फेऱ्या कमी करून छटा कशा घसरतात ते पाहा, पॅनेल फ्रिजमध्ये ठेवून तेच कोष्टक पुन्हा चालवा, एक काळी पट्टी पन्नास वेळा उमटवून-पुसून तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. एकच पथ्य पाळा: प्रत्येक पिक्सेलला दिलेला धन दाब गुणिले वेळ आणि ऋण दाब गुणिले वेळ यांची बेरीज शेवटी शून्य आली पाहिजे. ती एका बाजूला साचत गेली तर इलेक्ट्रोडपाशी रासायनिक झीज सुरू होते, पट्टी कायमची डागाळते, आणि नवा पॅनेल मागवावा लागतो.